कुंडीतला वाफसा

समजा, तुमची लेक शहरात नांदते आहे. दिवाळीला ती माहेरी येते. येताना एक कुंडी घेऊन येते. कुंडीत गर्द हिरव्या, चकचकीत पानांचे झाड असते. पानांच्या मधून दोन लांब देठ वर आलेले असतात. देठांच्या टोकाला पांढरीशुभ्र फुले असतात. लेक म्हणते, "आई, हे घरातच ठेवायचं. याला कडक ऊन चालत नाही. पाणी तेवढं घालत जा."

चार दिवस राहून लेक सासरी जाते. आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालते. तसेच याही झाडाला तांब्याभर घालते. महिन्याभरात पाने पिवळी पडतात. झाड मान टाकते. आईला वाटते, पाणी कमी पडले. ती दोन तांबे घालू लागते. मग झाड मुळापासून कुजते.

आईची माया कमी पडली का? मुळीच नाही. झाडाला किती पाणी लागते, ते मात्र तिला कोणी सांगितले नव्हते. शंभर-दोनशे रुपयांचे झाड असे वाया जाते. शिवाय लेकीने दिलेली वस्तू गेली, म्हणून मनाला लागते ते निराळेच.

हे झाड जगवायला फार खटपट लागत नाही. तुम्ही शेतात जे रोज पाहता, तेच कुंडीत पाहायचे. ते कसे, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

नाव कसे पडले?

या झाडाला बाजारात 'पीस लिली' म्हणतात. पीस म्हणजे शांतता. लढाईत एका बाजूने पांढरे निशाण दाखवले, की त्याचा अर्थ 'आता लढाई थांबवा' असा होतो. या झाडाचे फूल तसेच दिसते. हिरव्या काठीला पांढरे निशाण लावावे तसे. म्हणून हे नाव पडले.

लिली हे नाव मात्र फसवे आहे. खऱ्या लिलीचे कूळ वेगळे, याचे कूळ वेगळे. मग याचे कूळ कोणते? ऐकाल तर नवल वाटेल. हे झाड आपल्या अळूच्या कुळातले आहे!

अळूचा भाऊबंद

अळू तुम्हाला ठाऊक आहे. सुरण ठाऊक आहे. ठाणे, पालघर, रायगड या भागांतल्या लोकांना शेवळही ठाऊक आहे. पावसाच्या तोंडाला रानात शेवळाचे कोंब वर येतात. बाया ते खुडून बाजारात आणतात. अळू, सुरण, शेवळ आणि ही पीस लिली, हे सगळे एकाच कुळातले भाऊबंद.

हे कसे ओळखावे? फुलावरून.

पीस लिलीचे फूल नीट पाहा. पांढरी पाकळी एकच दिसते. ती खरे म्हणजे पाकळी नव्हेच. ते एक पानच आहे. रंग पांढरा झाला, एवढेच. त्या पानाच्या कुशीत एक जाड दांडी असते. लहानशा कणसासारखी. त्या दांडीवर बारीक बारीक दाणे दाटीने बसलेले असतात. ते दाणे म्हणजे खरी फुले. एकेका दांडीवर अशी पुष्कळ फुले असतात.

आता सुरणाचे किंवा शेवळाचे फूल आठवा. तिथेही मध्ये दांडी आणि भोवती एक मोठे पान. रंग निराळा, वास निराळा, पण घडण तीच. पीस लिलीचे शास्त्रीय नाव 'स्पॅथिफायलम' आहे. हे नावही या पानावरूनच पडले आहे.

कूळ एक, म्हणून एक खोडही सारखी आहे. ती म्हणजे खाज. त्याविषयी पुढे सांगू. ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

कुठले राहणारे?

हे झाड मूळचे आपल्याकडचे नव्हे. आपल्यापासून फार लांब, समुद्रापलीकडे दक्षिण अमेरिका नावाचा खंड आहे. तिथल्या कोलंबिया देशात मोठी अरण्ये आहेत. घरात ठेवतात त्या पीस लिलीची एक नावाजलेली जात तिथली. गुस्ताव वालिस नावाचा एक जर्मन माणूस रानोमाळ हिंडून झाडे गोळा करीत असे. त्याने ही जात युरोपात पाठवली. १८७७ साली शास्त्राच्या पुस्तकात तिची नोंद झाली आणि तिला वालिसचेच नाव देण्यात आले. पुढे तिच्यापासून आणि तिच्या भावंडांपासून माळ्यांनी नव्या नव्या जाती तयार केल्या. आता जगभर लोक हे झाड घरात ठेवतात.

परदेशचे झाड म्हणून बिचकू नका. आपल्या जेवणातली मिरची अमेरिकेतूनच आली. बटाटा, पेरू, काजू आणि सीताफळही तिकडूनच आले. आज त्यांना परके कोण म्हणेल?

पण झाडाचे मूळ घर माहीत असले, की त्याची सवय कळते. आपल्याकडची देवराई आठवा. वर उंच झाडांचे छत. खाली गार सावली. जमिनीवर कुजलेल्या पाल्याचा मऊ थर. पाऊस भरपूर, पण पाणी पाल्यातून झिरपून जाते. हवेत ओलावा. पीस लिली अशाच जागी, मोठ्या झाडांच्या पायथ्याशी वाढते. डोक्यावर कडक ऊन तिने कधी सोसलेले नाही. थंडीचा कडाकाही तिला ठाऊक नाही.

एवढे समजले, की पुढचे सगळे सोपे आहे.

कुठे ठेवावे?

ज्या जागी दिवसा दिवा न लावता पुस्तक वाचता येते, ती जागा या झाडाला चांगली. खिडकीजवळ ठेवावे. पडवीत ठेवले तरी चालेल. सकाळचे कोवळे ऊन थोडा वेळ लागले तर बिघडत नाही. दुपारचे ऊन मात्र लागू देऊ नये. उन्हाने पाने करपतात. त्यांवर तपकिरी डाग पडतात.

काही जण म्हणतात, "हे सावलीचे झाड, मग अंधाऱ्या खोलीत ठेवू." तसे करू नये. सावली वेगळी, अंधार वेगळा. अंधारात झाड जीव धरून राहील, पण फुलणार नाही.

चुलीजवळ ठेवू नये. तिथे धग लागते. थंडीच्या दिवसांत रात्री उघड्यावर ठेवू नये. नाशिक, निफाडकडे थंडीत पारा फार खाली उतरतो. अशा वेळी कुंडी घरात, भिंतीच्या आडोशाला घ्यावी.

पाणी किती? आधी वाफसा पाहा

आता मुख्य गोष्ट. ही गोष्ट ज्याला कळली, त्याचे झाड सहसा मरत नाही.

शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय हे सांगायला नको. पाऊस पडून गेला, की आपण लगेच औत घालत नाही. चिखल असतो. आपण थांबतो. माती हातात घेऊन पाहतो. ती ओलसर आहे, पण हाताला चिकटत नाही. दाबली तर गोळा होतो, आणि टिचकी मारली तर फुटतो. मग आपण म्हणतो, वाफसा आला. अशा मातीत पाणीही असते आणि हवाही असते. मुळांना दोन्ही हवे असतात.

मुळांना हवा कशाला, असे कोणी विचारील. मुळेही श्वास घेतात. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांत हवा असते. पाणी जास्त झाले, की त्या पोकळ्या पाण्याने भरतात. हवा निघून जाते. मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. पावसाळ्यात शेतात पाणी साचले, की तूर पिवळी पडते. ती याच कारणाने. कुंडीतल्या झाडाचेही तेच होते. शेतातले पाणी चर काढून बाहेर काढता येते. कुंडीतले पाणी जाणार कुठे?

तुम्ही म्हणाल, "अळू तर मोरीच्या पाण्यावर वाढतं. मग त्याच्या भावाला पाणी का सोसत नाही?" भाऊ असले तरी सगळे भाऊ एकाच स्वभावाचे असतात का? अळूला चिखल मानवतो. पीस लिलीच्या मुळांना कुंडीतला चिखल मानवत नाही.

म्हणून पाणी घालण्याआधी बोट मातीत घालावे. एक पेर बुडेल एवढे. तिथे ओल लागली, तर त्या दिवशी पाणी घालू नये. तिथे माती कोरडी लागली, तर पाणी घालावे. घालायचे तेव्हा मात्र पोटभर घालावे. कुंडीच्या तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घालावे. मग पुन्हा माती कोरडी होईपर्यंत थांबावे. रोज थोडा थोडा शिडकावा करू नये. त्याने वरची माती तेवढी भिजते, खालची मुळे उपाशी राहतात.

अमुक दिवसांनी पाणी घाला, असे आम्ही सांगत नाही. कारण ते ऋतूवर ठरते. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत माती सुकेल. पावसाळ्यात आणि थंडीत आठ-आठ दिवस ओल राहील. कुंडी लहान असली तर लवकर सुकेल. मोठी असली तर उशिरा सुकेल. म्हणून दिवस मोजू नका. बोटाला विचारा.

झाडाने मान टाकली तर?

या झाडाचा एक गुण फार चांगला आहे. तहान लागली, की ते पाने खाली टाकते. जणू सांगते, "पाणी द्या." पाणी मिळाले, की काही तासांत पुन्हा ताठ उभे राहते. पाहणाऱ्याला मोठी गंमत वाटते. पण वरचेवर इतकी तहान लागू देऊ नये. त्याने झाड अशक्त होते.

इथेच एक मोठा घोटाळा होतो. पाणी जास्त झाले तरीही हे झाड मान टाकते! मुळे कुजलेली असतात. कुजलेली मुळे पाणी ओढत नाहीत. म्हणजे पाण्यात उभे राहून झाड तहानेने मरते. माणूस वरून पाहतो आणि आणखी पाणी ओततो.

मग फरक कसा ओळखावा? पाने पाहू नका, माती पाहा. माती कोरडी आणि कुंडी उचलायला हलकी असेल, तर झाड तहानलेले आहे. पाणी घाला. माती ओली आणि कुंडी जड असेल, खालची पाने पिवळी पडली असतील, मातीला कुबट वास येत असेल, तर पाणी जास्त झाले आहे. हात आवरा.

असे झाल्यास झाड मातीसकट हलकेच बाहेर काढावे. मुळे पाहावीत. पांढरी, कडक मुळे चांगली असतात. काळी, लिबलिबीत मुळे कुजलेली असतात. ती स्वच्छ चाकूने कापून टाकावीत. मग नव्या, भुसभुशीत मातीत झाड पुन्हा लावावे. सावलीत ठेवावे. पाणी बेताने द्यावे. थोडी जरी चांगली मुळे उरली असतील, तरी बहुधा झाड सावरते.

पाणी कसले?

विहिरीचे गोडे पाणी चालते. पावसाचे पाणी सर्वांत चांगले. नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास येत असेल, तर ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवावे आणि सकाळी घालावे.

पुष्कळ गावांत कूपनलिकेचे पाणी जड किंवा खारट असते. अशा पाण्याने मातीवर पांढरा थर धरतो. पानांची टोके तपकिरी होऊन वाळतात. असे दिसले, तर वरचा पांढरा थर खरवडून काढावा. पावसाळ्यात एखाद्या दिवशी कुंडी पावसात ठेवावी. पाणी तळातून वाहून जाऊ द्यावे. त्याबरोबर खारही धुऊन जातो. मग कुंडी पुन्हा आत घ्यावी.

बशीतले पाणी आणि डास

कुंडीखाली आपण बशी किंवा थाळी ठेवतो. तिच्यात पाणी साचते. ते तसेच राहू देऊ नका. एक तर त्याने मुळे कुजतात. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. डेंग्यूचा ताप पसरवणारा डास अशाच साचलेल्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. हा डास दिवसा चावतो.

म्हणून पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने बशी रिकामी करावी. आठवड्यातून एकदा ती घासून कोरडी करावी. डासाची अंडी बशीच्या कडेला चिकटून राहतात. नुसते पाणी ओतल्याने ती जात नाहीत. आरोग्य खाते सांगते, आठवड्यात एक दिवस कोरडा पाळा. त्या दिवशी पाण्याच्या टाक्या आणि रांजण रिकामे करून घासावेत. कुंडीची बशीही त्यांत धरावी.

माती, कुंडी आणि खत

कुंडीला तळाशी भोक असलेच पाहिजे. बाजारात बिनभोकाच्या सुंदर कुंड्या मिळतात. त्या घेऊ नयेत. घेतल्याच तर भोक पाडून घ्यावे. भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा. म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाण्याला वाट राहते.

नुसती काळी माती भरू नये. ती ओली असताना चिकटते आणि वाळली की तडकते. एक घमेले पोयट्याची माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत, आणि एक घमेले वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा घ्यावा. तिन्ही मिसळावे. मूठ भरून दाबून पाहावे. गोळा सहज फुटला, म्हणजे मिश्रण जमले.

खत थोडे पुरते. दोन महिन्यांतून एकदा मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळावे. थंडीत देऊ नये. ताजे शेण कधीही घालू नये. त्याच्या उष्णतेने मुळे जळतात. रासायनिक खताची चिमूटही जपून वापरावी. शेताचे माप कुंडीला लावू नये.

पानांवर धूळ बसते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने ती पुसावी. पुसताना पानाच्या मागची बाजूही पाहावी. तिथे पांढऱ्या कापसासारखी कीड दिसली, तर ती ओल्या फडक्याने पुसून काढावी. मग पातळ साबणाच्या पाण्याने पान पुसावे आणि साध्या पाण्याने धुवावे. घरातल्या झाडावर शेतातले विषारी औषध मारू नये. त्या घरात आपली मुले झोपतात.

फूल आले, फूल गेले

पांढरे फूल बरेच दिवस टिकते. मग ते हळूहळू हिरवे होते. हे दुखणे नव्हे. ते त्याचे म्हातारपण आहे. फूल तपकिरी झाले, की त्याचा देठ बुडापासून कापावा. पिवळी झालेली पानेही कापावीत. म्हणजे झाडाची ताकद नव्या पानांकडे जाते.

पुष्कळांची तक्रार असते, "विकत आणलं तेव्हा भरपूर फुलं होती. आता एकही येत नाही. रोपवाटिकावाल्यानं फसवलं." यामागचे कारण सांगतो. मोठ्या रोपवाटिकांत फुले लवकर यावीत म्हणून झाडावर एक संजीवक फवारतात. त्याने ठरल्या वेळी भरपूर फुले येतात. घरी आपण ते फवारत नाही. म्हणून झाड आपल्या मूळच्या चालीने फुलते. त्याला उजेड कमी पडत असेल, तर फुलत नाही. कुंडी उजेडाकडे सरकवावी आणि धीर धरावा.

खाज : हे सगळ्यांना वाचून दाखवा

अळूची पाने कच्ची कोणी खात नाही. घसा खवखवतो. सुरण चिरताना हाताला खाज सुटते. शेवळाची भाजी काकडाच्या आंबट फळांशिवाय करीत नाहीत. अळूतही आपण चिंच किंवा आमसूल घालतो. हे शहाणपण आपल्या आया-आज्यांनी चालवत आणले आहे.

या खाजेचे कारण असे. या झाडांच्या पानांत, देठांत आणि मुळांत सुयांसारखे बारीक खडे असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पान चावले, की त्या सुया जिभेत आणि घशात घुसतात. आग होते. सूज येते. लाळ गळते.

पीस लिलीतही या सुया आहेत. आणि पीस लिली ही भाजी नव्हे, बरं का. अळूसारखी शिजवून पाहू, चिंच घालून पाहू, असे कोणी म्हणू नये. कोणी म्हणालेच तर त्याला थांबवावे.

रांगते मूल हाताला येईल ते तोंडात घालते. शेळी दिसेल त्या पाल्याला तोंड लावते. कुत्र्या-मांजरांनाही या पानांचा त्रास होतो. म्हणून कुंडी उंचावर, फळीवर किंवा कोनाड्यात ठेवावी. कापलेली पाने गोठ्यात टाकू नयेत.

मुलाने पान चावलेच, तर काय करावे? तोंडातला पाला बोटाने काढावा. ओल्या स्वच्छ फडक्याने तोंड पुसावे. चूळ भरता येत असेल तर भरवावी. थंड पाणी किंवा दूध घोट-घोट पाजावे. उलटी करवू नये. बहुतेक वेळा त्रास थोडा असतो आणि ओसरतो. पण जीभ किंवा घसा सुजला, गिळता येईना, श्वास घ्यायला जड जाऊ लागले, तर क्षणभरही थांबू नये. लगेच दवाखाना गाठावा. १०८ या क्रमांकावर फोन केला, की सरकारी रुग्णवाहिका बोलावता येते.

झाडाचा चीक डोळ्यात गेला, तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवावा. मग डॉक्टरांना दाखवावा. झाड छाटल्यावर हात साबणाने धुण्याची सवय ठेवावी.

हवा शुद्ध होते का?

हे झाड घरातली हवा शुद्ध करते, असे विकणारे सांगतात. यात खरे किती?

अमेरिकेत अंतराळ संशोधन करणारी 'नासा' नावाची सरकारी संस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी १९८९ साली एका प्रयोगाची माहिती छापली. त्यांनी बंद पेटीत झाडे ठेवली. पीस लिलीही त्यांत होती. पेटीतल्या हवेतले काही विषारी वायू कमी झाले. तेव्हापासून ही गोष्ट पसरली.

पण आपले घर म्हणजे बंद पेटी नव्हे. दारे-खिडक्यांतून हवा सारखी येत-जात असते. २०१९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी असे जुने प्रयोग पुन्हा तपासले. त्यांनी हिशेब मांडला. नुसत्या वाऱ्याने घरातली हवा जितकी साफ होते, तितकी झाडांनी साफ व्हायची असेल, तर जमिनीच्या एका चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील. काही हिशेबांत तर हजारापर्यंत झाडे लागतात. मग माणसांनी राहायचे कुठे?

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो. चुलीचा धूर एका कुंडीने जाणार नाही. धुराला धुराडे हवे. स्वयंपाकघराला खिडकी हवी. धुराने आईचे डोळे आणि मुलांची छाती बिघडते. तिथे झाडाच्या भरवशावर राहू नका.

"रात्री झाड घरात ठेवू नये, ते आपली हवा खातं," असेही काही जण सांगतात. तेही खरे नाही. खोलीत झोपलेला दुसरा माणूस त्या झाडाच्या कितीतरी पट हवा घेतो. त्याला आपण बाहेर झोपवतो का?

मग झाड ठेवायचे कशाला? ते सुंदर दिसते म्हणून ठेवावे. घरात हिरवे पान असले, की मन प्रसन्न होते. एवढे कारण पुरे आहे.

एकाची चार झाडे

केळीला जसे बुंध्याजवळ मुनवे फुटतात, तसे या झाडालाही बाजूने फुटवे येतात. दोन वर्षांत कुंडी भरून जाते. मुळे भोकातून बाहेर डोकावू लागतात. मग झाडाची वाटणी करायची.

पावसाळ्याची सुरुवात यासाठी चांगली. झाड बाहेर काढावे. माती हलक्या हाताने झाडावी. हळदीचा गड्डा आपण जसा सोडवतो, तसे फुटवे एकमेकांपासून सोडवावे. प्रत्येक वाट्याला थोडी मुळे आणि तीन-चार पाने आली पाहिजेत. ते वेगवेगळ्या लहान कुंड्यांत लावावेत. आठ-दहा दिवस सावलीत ठेवावेत. पाणी बेताने द्यावे. सुरुवातीला पाने थोडी मलूल दिसतील. मग सावरतील.

एकाची तीन-चार झाडे होतात. एक शेजारणीला द्यावे. एक शाळेत द्यावे. कोणाला हौस असेल, तर यातून चार पैसेही मिळतील. पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर आणि उरुळी कांचनच्या भागात पुष्कळ रोपवाटिका आहेत. तिथे अशी झाडे तयार करून विकतात. तिथे काम करणाऱ्या बाया आणि बाप्ये हीच विद्या वापरतात. ती शिकायला मोठी शाळा लागत नाही.

वहीत लिहून ठेवा

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. त्याचा उपयोग करा. वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात तारीख लिहा. दुसऱ्यात माती कशी होती ते लिहा. तिसऱ्यात पाणी दिले की नाही ते लिहा. असे :

१ जून. माती ओली. पाणी दिले नाही.
३ जून. माती कोरडी. पाणी दिले.
४ जून. माती ओली. पाणी दिले नाही.

एक महिना असे लिहा. मग आपल्याच घरात, आपल्याच कुंडीत माती किती दिवसांनी सुकते, हे तुम्हाला कळेल. ते आम्हाला सांगता येणार नाही. ते तुमच्या वहीत तुमच्या हाताने लिहिलेले असेल. घरात दोन माणसे पाणी घालणारी असली, तर वहीचा आणखी एक फायदा आहे. सासूने सकाळी घातले आणि सुनेने दुपारी पुन्हा घातले, असे होणार नाही.

सांगा पाहू

१. पीस लिली कोणत्या भाज्यांच्या कुळातली आहे?
२. झाडाने मान टाकली, तर आधी काय पाहाल?
३. कुंडीखालची बशी आठवड्यातून एकदा का घासावी?
४. लहान मुलाने पान चावले, तर काय कराल? काय करणार नाही?
५. शेतातला वाफसा तुम्ही कसा ओळखता? शेजाऱ्याला सांगा. मग कुंडीतला वाफसा कसा ओळखावा, तेही त्याला दाखवा.